मणक्याच्या अस्थिभंगावरील शस्त्रक्रिया : दीर्घकालीन परिणाम

अपघातात किंवा उंचावरून पडल्यावर पाठीचे मणके मोडतात, ते बहुधा बाराव्या वक्षीय (छातीमागच्या) आणि पहिल्या कटीय (कमरेच्या) मणक्याच्या आसपास. वरचा कणा बरगड्यांमुळे ताठ असतो, खालचा लवचिक. त्यामुळे सगळा ताण या जोडावर येतो. मणका चहूबाजूंनी फुटून त्याचा तुकडा मज्जारज्जूच्या नळीत शिरला, तर त्याला बर्स्ट फ्रॅक्चर म्हणतात. शस्त्रक्रियेत स्क्रू आणि सळ्यांनी मणके जोडून कणा सरळ करतात. पूर्वीच्या हॅरिंग्टन सळ्यांसाठी बरेच मणके जखडावे लागत आणि पाठ ताठरून जाई. मणक्याच्या मागच्या बाजूने थेट हाडात बसणारे पेडिकल स्क्रू आल्यावर थोडक्या मणक्यांत काम भागू लागले.

हातापायांची ताकद शाबूत असलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेचा फायदा किती, हा खरा वादाचा मुद्दा आहे. अमेरिकेत अशा ४७ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. एका गटावर शस्त्रक्रिया केली, दुसऱ्याला प्लास्टर किंवा ब्रेस (पाठीला आधार देणारा पट्टा) दिला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शस्त्रक्रियेचा ठोस लाभ दिसला नाही. १६ ते २२ वर्षांनी त्यांतील ३७ जण पुन्हा तपासले, तेव्हा दुखणे आणि रोजच्या हालचाली या दोन्हींत शस्त्रक्रिया न झालेलेच बरे होते. याउलट २००६ च्या डच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती चांगली आढळली. मात्र त्यात ३४ च रुग्ण होते आणि त्यांना सरासरी चार वर्षांहून थोडे अधिक काळच पाहिले गेले. इतक्या लहान अभ्यासांवरून सरसकट नियम करणे योग्य नाही. तरी दोन दशकांच्या पाठपुराव्याला अधिक वजन द्यायला हवे, कारण रुग्णाला ही पाठ आयुष्यभर वापरायची असते.

एक्स-रेमधला सरळ कणा आणि न दुखणारी पाठ यांचा संबंध वाटतो तेवढा घट्ट नाही. शस्त्रक्रियेने काढलेला बाक पुढे काही अंशी परत येतो, विशेषतः स्क्रू काढल्यावर, कारण मणक्याला लागून असलेली इजा झालेली गादी हळूहळू बसते. नळीत शिरलेले हाडाचे तुकडे काळाच्या ओघात झिजून जातात, शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो. लगतच्या मणक्यांची झीज, स्क्रू सैल होणे किंवा मोडणे आणि जंतुसंसर्ग हे शस्त्रक्रियेचे धोके आहेत.

कणा अस्थिर असेल, मणका सरकला असेल किंवा पायांतली ताकद कमी होत असेल, तर मात्र शस्त्रक्रिया टाळू नये. मज्जारज्जूच्या अपूर्ण इजेत, म्हणजे इजेखाली थोडी ताकद किंवा संवेदना उरलेली असताना, दाब काढल्यावर सुधारणेला वाव राहतो. पूर्ण इजेत गेलेली ताकद क्वचितच परतते. तेव्हा शस्त्रक्रियेचा लाभ असा, की रुग्णाला लवकर बसवून चाकाच्या खुर्चीवर आणता येते. पुढची वर्षे कशी जातील हे शय्याव्रण, मूत्रमार्गातील संसर्ग आणि स्नायूंचा ताठरपणा कसा आवरला जातो यावर ठरते. पुण्याजवळ खडकी येथील पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये जखमी सैनिकांची अशी दीर्घकालीन काळजी घेतली जाते. नागरी रुग्णांसाठी हा भार बहुतेकदा घरच्यांवरच पडतो.