किल्ले, कालवा आणि 1907 : मिनर्वुआच्या सहलींमागचा इतिहास

दक्षिण फ्रान्समध्ये कार्कासोन आणि नार्बोन या शहरांच्या मधे मिनर्वुआ हा वाइनचा पट्टा आहे. एखाद्या खेड्यात मुक्काम टाकायचा आणि रोज एक ठिकाण गाठायचं, ही इथल्या पर्यटनाची रीत. एक दिवस कार्कासोनचा कोट, एक दिवस मिनर्व गाव, एक दिवस मिदी कालव्यात होडी, आणि संध्याकाळी कुठल्या तरी तळघरात वाइनची चव. माहितीपत्रकांत भर असतो तो किल्ल्यांवर आणि तेराव्या शतकातल्या धर्मयुद्धावर. पण डोळ्यांसमोर दिसणारा मुलूख घडवला तो द्राक्षबागायतदारांनी, आणि त्यांची हकीकत दोन ओळींत उरकली जाते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

किल्ल्यांची कथा खरी आहे आणि भयंकरही. पोप तिसरा इनोसंट याने कॅथार या, चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाविरुद्ध युद्ध पुकारलं. 1209 मध्ये बेझिए शहरात कत्तल झाली, पाठोपाठ कार्कासोन पडलं. पुढच्या उन्हाळ्यात या धर्मयुद्धाचा सेनापती सिमाँ द माँफोर याने मिनर्वला वेढा घातला. दोन खोल घळींच्या मधल्या खडकावर वसलेलं हे गाव चढून घेणं अशक्य होतं. मग समोरच्या कड्यावरून दगडफेकी यंत्रांचा मारा करून विहिरीकडे जाणारी वाटच तोडली गेली. ऐन उन्हाळ्यात पाणी तुटल्यावर गाव शरण आलं. धर्म सोडायला नकार देणाऱ्या सुमारे 140 जणांना जिवंत जाळण्यात आलं.

कार्कासोनचं भाग्य पुढे वेगळंच फिरलं. 1659 च्या तहाने स्पेनची सरहद्द पिरेनीज पर्वतावर सरकली आणि कोटाला लष्करी अर्थ उरला नाही. तटाचे दगड लोक घरांसाठी नेऊ लागले. अखेर 1853 पासून वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युकने त्याचा जीर्णोद्धार हाती घेतला. बुरुजांवरची टोकदार छपरं त्याच काळातली. 1997 मध्ये हा कोट जागतिक वारशाच्या यादीत गेला.

कालवा एक वर्ष आधीच, 1996 मध्ये, त्या यादीत गेला होता. बेझिएच्या पिएर-पॉल रिके या मिठावरचा कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याने तो खोदवला. काम 1666 ते 1681 चाललं, रिके मात्र कालवा खुला होण्याआधी काही महिने वारला. तुलूज ते भूमध्य समुद्र असं 240 किलोमीटरचं अंतर, आणि मधल्या उंचवट्यावर पाणी आणायचं कुठून हा खरा प्रश्न. माँतान्य न्वार डोंगरातले ओढे वळवून, साँ-फेरेओलला धरण बांधून त्याने तो सोडवला. जलपाशांच्या, म्हणजे होड्या वर-खाली नेणाऱ्या दारबंद हौदांच्या, भिंती सरळ नाहीत, बाहेर फुगलेल्या आहेत. मागच्या मातीचा दाब कमानीसारखा पेलावा म्हणून हा लंबगोल आकार. जवळून पाहिलं की घडीव दगडांची वळणं हाताला जाणवतात. ल सोमाय या बंदरवजा खेड्यात आजही जुना कमानी पूल आणि प्रवाशांसाठी बांधलेलं छोटं प्रार्थनाघर आहे. याच पाण्यावरून पुढे वाइनची पिंपं गेली.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि उत्तरेकडच्या शहरांतला कामगार इथली स्वस्त वाइन पिऊ लागला. गहू आणि मेंढ्या मागे पडल्या, मैदानभर फक्त वेली उरल्या. त्याच सुमारास, 1863 च्या आसपास, ऱ्होन नदीच्या खालच्या भागात फायलोक्सेरा ही मुळं पोखरणारी कीड दिसली. ती अमेरिकेतून आली होती आणि उपायही तिथूनच आला : अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम. (नाशिक-सांगलीतही द्राक्ष अमेरिकन डॉगरिज खुंटावरच बांधतात, पण कारण वेगळं : खारी जमीन आणि पाण्याची ओढ.)

बागा सावरल्या आणि भाव कोसळले. अल्जीरियाची वाइन येत होती, शिवाय साखर आणि पाणी घालून बनवलेली भेसळीची वाइन राजरोस विकली जात होती. 11 मार्च 1907 रोजी आर्जेलिए गावातले 87 बागायतदार चौकशीसाठी आलेल्या संसदीय समितीला गाठायला नार्बोनला निघाले. पुढे होता मार्सेलँ आल्बेर, गावात कॅफे चालवणारा छोटा बागायतदार. मग दर रविवारी नव्या शहरात सभा भरू लागली, आणि 9 जूनला माँपेलिएमध्ये पाच लाखांच्या वर माणसं जमली. पंतप्रधान क्लेमान्सोने सैन्य धाडलं. 19 आणि 20 जूनला नार्बोनमध्ये गोळीबार झाला, माणसं मेली. हे कळताच सतराव्या पायदळ रेजिमेंटच्या जवानांनी बंड केलं. ती याच भागातली पोरं होती.

आल्बेर गुपचूप पॅरिसला जाऊन क्लेमान्सोला भेटला. परतीच्या भाड्यासाठी क्लेमान्सोने त्याला शंभर फ्रँक दिले आणि ती गोष्ट वर्तमानपत्रांत पोहोचवली. आल्बेरची पत धुळीला मिळाली, त्याच्याच माणसांनी त्याला फितूर ठरवलं. एका साध्या माणसावर झालेला हा अन्याय आहे, असंच मला वाटतं. भेसळीला आळा घालणारा कायदा मात्र 29 जूनला झाला, आणि आंदोलनानंतर सहकारी तळघरं, म्हणजे बागायतदारांनी मिळून चालवलेले वाइनचे कारखाने, वाढत गेली. खेडोपाडी दिसणाऱ्या त्या मोठ्या इमारती त्या काळाची खूण आहेत.

मिनर्वुआला नामांकित उगमाचा दर्जा, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्याच वाइनला ते नाव लावण्याची अधिकृत मान्यता, 1985 मध्ये मिळाला. तोवर साध्या वाइनचा खप घटत चालला होता आणि वेली उपटण्यासाठी सरकारी अनुदान मिळू लागलं होतं. विसाव्या शतकाच्या अखेरीस, कार्कासोन ज्यात येतं त्या ओद जिल्ह्याने ‘कॅथारांचा देश’ हे नाव पुढे केलं, आणि पर्यटनाचा भर किल्ल्यांकडे वळला तो तेव्हापासून.

आज दोन संकटं समोर आहेत. कालव्याकाठच्या सुमारे 42 हजार प्लेन जातीच्या झाडांना 2006 पासून बुरशीजन्य रोग ग्रासतोय. हजारो झाडं तोडावी लागली, आणि ज्यांची मुळं काठ धरून ठेवत होती तीच गेली. दुसरं संकट आगीचं. ऑगस्ट 2025 मध्ये शेजारच्या कोर्बिएरमध्ये रिबोत गावाजवळ पेटलेल्या वणव्यात सुमारे 16 हजार हेक्टर मुलूख होरपळला. हिरव्या वेली आणि ओळींमधली नांगरलेली जमीन आग अडवतात. वेली उपटलेल्या रानात झुडपं माजली होती आणि तिथून आग धावली, असं तिथले बागायतदार आणि गावांचे महापौर सांगत होते.