काउदियो

काउदियो हा स्पॅनिश शब्द, म्हणजे स्वतःच्या दराऱ्यावर आणि पाठीशी उभ्या असलेल्या हत्यारबंद माणसांच्या जिवावर सत्ता चालवणारा म्होरक्या. मराठीत याचं सरसकट 'हुकूमशहा' केलं जातं ते पटत नाही, कारण मूळ शब्दात जुलूम नाहीच, त्यात आहे ते 'डोकं'.

लॅटिन कापुत म्हणजे डोकं, त्याचं लघुरूप कापितेल्लुम, त्यातून जुन्या स्पॅनिशमध्ये काब्दिएल्यो, काब्दिल्यो आणि मग 'ब' चा 'उ' होऊन आजचं रूप. १३व्या शतकात कास्तिलचा राजा दहावा आल्फोन्सो याच्या कायदेसंहितेत हा शब्द येतो तो साधा फौजेचा पुढारी म्हणून. अरबी काइद, म्हणजे सरदार, याच्याशी नातं लावायचा मोह होतो, पण त्यातून आलाय तो आल्काइदे, म्हणजे किल्लेदार, तेव्हा लॅटिन मूळच जास्त भक्कम. आपला कप्तान, बहुतेक पोर्तुगीजांकडून आलेला, तोही याच कापुतच्या घराण्यातला. कासिके, म्हणजे गावचा म्होरक्या, हा शब्द मात्र वेगळा, तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतला. ब्युनोस आयर्सकडे उच्चार काउदिशो असा ऐकू येतो.

शब्दाला वाईट वास लागला तो १९व्या शतकात. अर्जेंटिनाचा लेखक सार्मिएंतो यानं १८४५ मध्ये चिलीत परागंदा असताना अर्जेंटिनातल्याच फाकुंदो किरोगा या काउदियोवर पुस्तक लिहिलं, रोख होता ब्युनोस आयर्सचा तेव्हाचा सत्ताधारी रोसास याच्यावर, आणि काउदियो म्हणजे रानटीपणा हे समीकरण तिथून पक्कं झालं. रोसासच्या राज्यात छातीवर लाल फीत लावावी लागे, फीत नसली की माणूस विरोधी पक्षाचा समजायचे. तो १८५२ मध्ये कासेरोसच्या लढाईत हरला आणि इंग्लंडात जाऊन राहिला. असे म्होरके का उपजले, तर कुणी म्हणतं स्वातंत्र्ययुद्धांनी राज्ययंत्रणाच मोडली म्हणून, कुणी म्हणतं मोठ्या जमीनदारीतलं मालक-कुळाचं नातंच राजकारणात आलं म्हणून. दुसरं जास्त पटतं, कारण रोसास स्वतः बडा जमीनदार होता आणि त्याच्या फौजेत त्याचेच गडी होते.

स्पेनमध्ये २०व्या शतकातला हुकूमशहा फ्रँको यानं ही पदवी मिरवली, नाण्यावरसुद्धा 'देवाच्या कृपेनं स्पेनचा काउदियो' असं कोरलेलं असायचं.

आज राजकारणात हा शब्द बहुधा शिवीसारखाच येतो, पण फुटबॉलमध्ये नाही! १९५० चा वर्ल्डकप जिंकणाऱ्या उरुग्वेचा कप्तान ओब्दुलियो वारेला, त्याला लोक काउदियो म्हणतात ते अगदी मानानं.