वाचक-मार्गदर्शन (खानदेशातील वाचनालये)

वाचक-मार्गदर्शन : वाचकाला आवडलेला लेखक किंवा पुस्तक धरून त्याच्या पसंतीला उतरेल असे दुसरे पुस्तक सुचवण्याची ग्रंथालयीन सेवा. संदर्भसेवेहून ती वेगळी आहे. संदर्भसेवेत प्रश्नाला बहुधा एक नेमके उत्तर असते. इथे ते माणसागणिक बदलते, आणि बरोबर निघाले की नाही हे पुस्तक परत आल्यावरच कळते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशात ही सेवा या भारदस्त नावाने क्वचितच ओळखली जाते. देवघेवीच्या टेबलाशी 'असंच आखो एखादं शे का, भाऊ?' (असंच आणखी एखादं आहे का?) असा अहिराणी या इथल्या बोलीतला प्रश्न आला की ती सुरू होते.

स्वतंत्र सेवा म्हणून तिचा उगम अमेरिकेतला. १९२०च्या दशकात तिथल्या मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांत प्रौढशिक्षणाचा भाग म्हणून वाचकांना सल्ला देणारे स्वतंत्र कर्मचारी नेमले गेले. त्या सल्ल्यामागे वाचकाला 'सुधारण्याचा' हेतू होता. करमणुकीच्या कादंबऱ्यांना त्यात दुय्यम स्थान होते. पुढे ही सेवा मागे पडली आणि १९८०च्या दशकात कादंबरीवाचकांसाठी नव्याने उभी राहिली. जॉइस सॅरिक्स आणि नॅन्सी ब्राउन यांच्या १९८९मधल्या पुस्तकाने तिला पद्धत दिली. वाचकाला पुस्तकातले नेमके काय भावले, हे गती, पात्रे, कथानक आणि वातावरण अशा अंगांनी पाहावे, ही त्यांची मांडणी. भारतात ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या १९३१च्या पंचसूत्रीत 'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ' आणि 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक' ही सूत्रे आली. यातले पहिले भाषणांत नेहमी ऐकू येते. दुसरे कपाटांत वर्षानुवर्षे न हललेल्या पुस्तकांकडे बोट दाखवते, म्हणून गैरसोयीचे आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ नुसार मान्यता मिळालेली वाचनालये अ, ब, क आणि ड वर्गांत मोडतात व त्यानुसार अनुदान घेतात. वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, नियतकालिके अशा मोजता येण्याजोग्या गोष्टींवर. कोणाला काय सुचवले याला त्यात भाव नाही. लहान गावात ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे असतात, आणि संध्याकाळच्या गर्दीत तोच पावती फाडतो, तोच कपाट उघडतो, सल्लाही तोच देतो.

जुन्या वाचनालयांत पुस्तके काचेच्या बंद कपाटांत असतात. वाचक फडताळापाशी रेंगाळू शकत नाही. छापील यादीतून नाव सांगावे लागते किंवा टेबलावरच्या माणसावर विसंबावे लागते. त्यामुळे नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगाला मोठा मान. आधी कोणीतरी वाचले आहे, एवढी शिफारस पुष्कळांना पुरते. बरीच पुस्तके तर वाचकाच्या हाती थेट पडतच नाहीत. आईसाठी मुलगा येतो, सासूबाईंसाठी सून, आजोबांसाठी नातू. पिशवीत वाचून झालेले पुस्तक आणि त्यात खोचलेली चिठ्ठी : दोन-तीन लेखकांची नावे, आणि खाली 'यातलं नसेल तर असंच दुसरं'. ज्याला विचारायचे तो समोर नसताना त्याची आवड ओळखायची, हा या कामाचा खरा कस.

लेखकाचे नाव सांगणारा वाचक आपली आवड पूर्ण सांगत नसतो. 'कोसला' (१९६३) हे इथले हाताशी असलेले उदाहरण. भालचंद्र नेमाडे खानदेशातल्या सांगवीचे, कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकरही इकडचाच. शिकायला पुण्याला जातो, फसतो, परत येतो. 'नेमाड्यांसारखं द्या' म्हणणाऱ्याला मूळ गावाची, शेतीवाडीची, बापाशी असलेल्या ताणाची ओढ असेल तर नेमाड्यांचीच 'हिंदू' द्यावी; मात्र ती जाडजूड आहे आणि तिला पेलणारा वाचक वेगळा, हे आधीच सांगितलेले बरे. वसतिगृह, मित्र आणि टवाळी आवडलेल्याला मिलिंद बोकिलांची 'शाळा' चालते, जरी ती वयाने अलीकडची आणि सुराने मवाळ आहे. नायकाची धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूचा भाग वाचून गप्प झालेल्याला मात्र विनोदी काही हाती देऊ नये. तिघांनी एकच नाव घेतले आणि तिघांना तीन पुस्तके गेली, तर काम नीट झाले म्हणायचे.

'मृत्युंजय' (१९६७) वाचून आलेल्याचे प्रकरण आणखी नाजूक. शिवाजी सावंतांचा कर्ण मनात घर करून बसलेला असतो. त्याला रणजित देसाईंचे 'राधेय' दिले की तो तृप्त होतो, कारण नायक तोच आणि भावही जवळचा. महाभारतच हवे असेल, तर भैरप्पांची 'पर्व' आहे. कन्नडमधून उमा कुलकर्णींनी ती मराठीत आणली. पण तिथे चमत्कार गळून पडलेले आहेत आणि माणसे थकलेली, हिशेबी, देहधारी आहेत. कर्णाला पुजणाऱ्याला ती न सांगता दिली तर पुस्तक आठवड्यात अर्धवट परत येते आणि टेबलावर थोडा रागही व्यक्त होतो. इरावती कर्व्यांचे 'युगान्त' त्याहून वेगळे : ते कादंबरी नाही, विवेचक लेख आहेत. कथेसाठी आलेल्याला नको, वाद घालायला आवडणाऱ्याला जरूर.

'स्वामी' आवडलेल्या वाचकाला सवयीने 'पानिपत' दिली जाते, कारण दोन्ही पेशवाईवरच्या. रमा-माधवाच्या घरगुती जिव्हाळ्यासाठी 'स्वामी' वाचणारे, त्यातही बायका, कमी नाहीत. त्यांना मोहिमा, रसद आणि छावण्यांचे तपशील रटाळ वाटतात. विषय एक म्हणून पुस्तके सारखी, हा या कामातला सर्वांत टिकाऊ गैरसमज.

कवितेच्या बाबतीत खानदेशाला आपल्याच घरची माणसे पुरतात. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) असोद्याच्या. त्यांची गाणी १९५२मध्ये पुस्तकरूपाने आली. बोलीचा गोडवा शोधणाऱ्याला जात्यावरच्या ओव्यांकडे वळवावे, आणि तिथे साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' कामी येते. अमळनेरच्या शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींना लोक 'श्यामची आई'मुळे ओळखतात, ओव्यांच्या या संग्रहापर्यंत थोडेच पोचतात. शेतीमातीसाठी बहिणाबाई वाचणाऱ्याला ना. धों. महानोर जवळचे, ते अजिंठ्याच्या पायथ्याच्या पळसखेडचे, खानदेशाच्या उंबऱ्यावरचे. निसर्गाच्या ओढीने धरणगावात जन्मलेले बालकवी मागणाऱ्यालाही महानोरच चालतात. संसाराचे तत्त्वज्ञान भावलेल्याला थेट तुकोबांची गाथा.

सॅरिक्स-ब्राउन यांनी सांगितलेल्या पुस्तकाच्या अंगांना इथल्या वाचकांनी आपली नावे फार पूर्वी दिलेली आहेत. 'पळतं', 'एका बैठकीत संपलं' म्हणजे गती. 'जड' हा शब्द भाषेबद्दलही असतो आणि दुःखाबद्दलही. कोणता, ते विचारावे लागते. 'हलकंफुलकं' म्हणणारी व्यक्ती बहुधा दवाखान्याच्या किंवा लग्नाच्या धावपळीत असते. 'रडवणारं नको' ही सूचना मोडू नये. अनुभवी ग्रंथपाल शेवटचे वाचलेले पुस्तक विचारतो, त्यातले काय लक्षात राहिले ते विचारतो, आणि अर्धवट टाकलेले पुस्तक आवर्जून विचारतो. तिसऱ्या उत्तरातून सर्वांत जास्त कळते : आवडलेल्याबद्दल लोक मोघम बोलतात, टाकलेल्याबद्दल नेमके. सल्ला देताना एकाऐवजी दोन-तीन पुस्तके समोर ठेवायची, त्यातले एक वाचकाच्या नेहमीच्या वाटेपासून थोडे दूरचे.

रहस्यकथा आणि भयकथांच्या वाचकांना फारसा सल्ला लागत नाही. बाबुराव अर्नाळकर, नारायण धारप, सुहास शिरवळकर हे त्यांना पाठ असतात. अडचण पाने निखळलेल्या प्रतींची असते.

भाषेची सरमिसळ हा खानदेशाचा आणखी एक पेच. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत हिंदी वाचणारे आहेत, नवापूरला गुजराती. (नवापूरचे रेल्वे स्थानकच निम्मे महाराष्ट्रात, निम्मे गुजरातेत.) सातपुड्याच्या पट्ट्यात भिली आणि पावरी बोलणारी मुले वाचनालयात आली, तर त्यांच्या बोलीत द्यायला कपाटात फार थोडे निघते. वाहरू सोनवणे यांच्यासारख्या आदिवासी कवीची कविता तिथे 'कविता' या फळीवर इतरांत मिसळून ठेवलेली असते आणि मागितल्याशिवाय सापडत नाही. अहिराणी पुस्तकांचेही तसेच. स्थानिक लेखकाने भेट दिलेली प्रत दाखल होते आणि पुढे विस्मरणात जाते.

संगणकामुळे यात अजून मोठा फरक पडलेला नाही. 'ई-ग्रंथालय'सारख्या प्रणालीत नोंद होते, पण विषयाच्या रकान्यात नुसते 'कादंबरी' भरले, तर शोधून शेकडो कादंबऱ्यांची यादी येते आणि वाचक पुन्हा टेबलाकडे वळतो. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्युई वर्गीकरणातही मराठी कादंबरीचा आकडा एकच, ८९१.४६३, त्यात 'कोसला'ही बसते आणि धारपांची भुतेही. म्हणून सारखेपणाची माहिती आजही मुख्यतः ग्रंथपालाच्या डोक्यात असते आणि त्याच्या निवृत्तीबरोबर जाते. त्यावर उपाय स्वस्त आहे : देवघेवीच्या टेबलावर एक दोनशे पानी वही, डाव्या पानावर आवडलेले पुस्तक आणि वाचकाने सांगितलेले कारण, उजव्या पानावर पुढे दिलेले पुस्तक आणि ते परत आले तेव्हाचा शेरा. वाचकाचे नाव त्यात लिहायची गरज नाही.