फोनचा बिल्ड का फुटतो? मेकपासून सूंगपर्यंत

गेल्या पावसाळ्यात खानापूरच्या दोस्ताचा रात्री साडेअकराला फोन आला, "काय करूलालास रे, बिल्ड परत फेल झालाय बघ." आम्ही तिघं, एक खानापूरला, एक निपाणीला आणि मी बेळगावच्या टिळकवाडीत, मिळून एका जुन्या फोनसाठी लिनिएजओएस, म्हणजे लोकांनी मिळून चालवलेलं अँड्रॉइड, बिल्ड करतो, म्हणजे त्याच्या सोर्सपासून (मूळ कोडपासून) फोनवर चालणारी सिस्टिम बनवतो. कंपनीनं त्या फोनचे अपडेट केव्हाच बंद केलेत पण आमच्याकडं खेड्यापाड्यात तो अजून रोजच्या वापरात आहे. एरर अशी होती की अमुक लायब्ररी (बाकी प्रोग्रामांना लागणारा तयार कोड) "आधीच डिफाईन झालेली आहे", आणि खाली दोन फाईलींचे पत्ते, एक आमची जुनी अँड्रॉइड डॉट एमके, दुसरी नव्या सोर्समधली अँड्रॉइड डॉट बीपी. एकाच वस्तूची दोन भाषांत दोन वर्णनं का आहेत हे त्याला सांगता सांगता मी पार १९७६ ला जाऊन पोचलो.

त्या साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमननं मेक लिहिलं, सोर्स फाईलींपासून प्रोग्राम बनवून देणारं टूल. कारण साधं होतं, त्याच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ बरोबर असलेला प्रोग्राम तपासण्यात गेली, दुरुस्ती केली होती पण ती फाईल परत कंपाईलच, म्हणजे मशीनच्या भाषेत रूपांतरितच, झाली नव्हती. माझे मामा उद्यमबागेत फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपला होते, त्यांना हे मी एका वाक्यात सांगितलं होतं: पॅटर्न बदललाय तेवढंच परत ओता, बाकीचं हात लावू नका. मेक हेच करतं, फाईलची वेळ बघतं आणि जुनं झालेलं तेवढंच नव्यानं बनवतं. त्यातली कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो ही खोड पण तेव्हाचीच, फेल्डमनला नंतर ती बदलता आली असती पण तोवर डझनभर लोक वापरायला लागले होते आणि त्यांचं मोडायला नको म्हणून ती तशीच राहिली.

२००८ मध्ये अँड्रॉइडचा सोर्स खुला झाला तो याच मेकवर. प्रत्येक फोल्डरमध्ये एक अँड्रॉइड डॉट एमके, आणि त्या सगळ्या गोळा करून एकच अवाढव्य मेक चालायचं. सुरुवातीला चाललं, मग फोल्डर वाढत गेले आणि माझ्या जुन्या हार्डडिस्कवर एक ओळ बदलून कमांड दिली की काम सुरू व्हायच्या आधी नुसत्या फाईली वाचण्यातच मिनिटं जायची. पण खरं दुखणं वेगाचं नव्हतं असं माझं मत आहे. एमके फाईलमध्ये कुणीही कसलीही अट घालू शकायचा, या फोनसाठी हे, त्या चिपसाठी ते, आणि एका फाईलमधलं व्हेरिएबल (नाव देऊन ठेवलेली किंमत) दुसऱ्या फाईलमध्ये सांडायचं, त्यामुळं चूक एकीकडं आणि एरर भलतीकडंच.

इकडं क्रोम ब्राउझरवाल्यांना हाच त्रास होता. ३०,०००च्या वर सोर्स फाईली, एक बदलली तरी बिल्ड सुरू व्हायला दहा सेकंद. म्हणून इव्हान मार्टिननं निंजा लिहिलं, ते एका सेकंदाच्या आत सुरू व्हायचं, कारण निंजा स्वतः काही ठरवत नाही, ठरवलेली यादी फक्त भराभर चालवतं. अँड्रॉइडनं ते उचललं पण हजारो एमके फाईली एका दिवसात कोण बदलणार, मग काटी नावाचं टूल आलं जे एमके वाचून निंजाची यादी लिहून देतं. आणि अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ ला, मेकच्या जागी सूंग ही अँड्रॉइडची स्वतःची बिल्ड सिस्टिम आली. बीपी फाईलमध्ये इफ-एल्स नाहीच, नाव, सोर्स, कुठल्या लायब्ररी लागतात एवढंच लिहायचं, डोकं लावायचं काम गो भाषेतल्या सूंगच्या कोडमध्ये. त्याच वर्षी डिसेंबरात सायनोजेनमॉड हे असंच लोकांनी चालवलेलं अँड्रॉइड बंद पडून लिनिएजओएस उभं राहिलं, म्हणजे आमच्यासारख्यांचं घरही बदललं आणि भाषाही.

एमकेची बीपी करून देणारं टूल आहे, पण जिथं अट आडवी येते तिथं ते हात टेकतं आणि "ट्रान्सलेशन एरर" अशी कॉमेंट टाकून पुढं जातं. त्या कॉमेंटी काढण्यात माझे दोन रविवार गेलेत. दोस्ताच्या एररचं मूळही हेच, मूळ सोर्स सांभाळणाऱ्यांनी ती लायब्ररी बीपीमध्ये आणली आणि आमच्या झाडात (आमच्या फोनपुरत्या फाईलींच्या फोल्डरात) तिची एमके तशीच पडून होती. आमची काढली आणि बिल्ड पुढं सरकला.

२०२० मध्ये गुगलनं अँड्रॉइड बेझल या स्वतःच्या दुसऱ्या बिल्ड टूलवर नेणार असं सांगितलं होतं, ते काम नंतर थांबवलं, सूंगच राहिलं. आता गुगलचीच शिफारस ४०० जीबी जागा आणि ६४ जीबी रॅमची आहे, सहा कोअरच्या मशीनवर पूर्ण बिल्डला सहा तास. आमच्याकडं एवढं मशीन नाही, त्यात खानापूरला पावसात लाईट जाते, पण निंजा झालेल्या कामाची नोंद ठेवतं म्हणून लाईट आल्यावर जिथं थांबलं जवळपास तिथूनच परत सुरू होतं, मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच वाटते.

आणि मेक गेलं म्हणावं तर तसंही नाही. फोनचं नाव, पार्टिशनचे आकडे, आत कुठली अ‍ॅप घालायची ती यादी, हे आमच्या झाडात अजून एमके फाईलमध्येच आहे.