इंडोनेशियात सौंदर्यप्रसाधनं विकायची आहेत? हलाल सर्टिफिकेटचा अर्ज आणि कागदपत्रं

इंडोनेशियाच्या २०१४ च्या हलाल कायद्यानुसार (क्रमांक ३३) सौंदर्यप्रसाधनांना सर्टिफिकेटची सक्ती आहे आणि त्यासाठीची मुदत १७ ऑक्टोबर २०२६ ला संपते. क्रीम, शाम्पू, लिपस्टिक सगळं यात आलं. हराम घटकांचा माल विकायला मनाई नाही, पण पाकिटावर 'हलाल नाही' असं स्पष्ट छापावं लागतं.

तिथला उत्पादक बीपीजेपीएच या सरकारी संस्थेच्या 'सिहलाल' पोर्टलवर अर्ज करतो. महाराष्ट्रातल्या उत्पादकाला सोपा रस्ता म्हणजे बीपीजेपीएचने मान्यता दिलेल्या भारतीय संस्थेकडून सर्टिफिकेट घ्यायचं आणि तिथल्या आयातदाराने त्याची पोर्टलवर नोंदणी करायची. मान्यता विशिष्ट प्रकारच्या मालापुरती असते, म्हणून त्या संस्थेच्या मान्यतेत सौंदर्यप्रसाधनं आहेत का, हे फी भरण्याआधी विचारा.

खरी मेहनत मात्र अर्जाच्या आधीच करावी लागते. ग्लिसरीन, स्टिअरिक अ‍ॅसिड, ग्लिसरील स्टिअरेट ही नावं निरुपद्रवी वाटतात, पण हे पदार्थ पामतेलापासूनही बनतात आणि जनावराच्या चरबीपासूनही. पुरवठादाराकडून लेखी घ्या: मूळ कुठलं, चरबी असेल तर कोणत्या जनावराची, आणि ते शरियतप्रमाणे जबह केलेलं, म्हणजे कापलेलं होतं का. कोलॅजेनलाही हेच प्रश्न. हा कागद नसेल तर बाकीची फाइल कितीही जाड असो, ऑडिटर तिथेच थांबतो.

फतवा इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेचा, म्हणजे एमयूआयचा चालतो. डुकराचा कुठलाही अंश चालत नाही. माणसाच्या शरीरातलं काहीही नाही, त्यामुळे केसांपासून काढलेलं केराटिन बाद. जिवंत मेंढीच्या लोकरीतून मिळणाऱ्या लॅनोलिनला अडचण नाही. कोचिनील किड्यापासूनचा लाल रंग, लेबलवर सीआय ७५४७०, एमयूआयने २०११ मध्ये हलाल ठरवला. त्याच वर्षी हलाल जनावराची वार (प्लासेंटा) त्वचेवर वापरायलाही परवानगी दिली, मेलेल्या जनावराची मात्र नाही.

२०१३ च्या २६ क्रमांकाच्या फतव्यावरून अनेकांची गफलत होते. डुक्कर सोडून इतर नापाक घटक बाहेरून लावले आणि नंतर अंग नीट धुतलं तर चालतं, असं त्यात आहे. ही सवलत वापरणाऱ्यासाठी आहे, तिच्या आधारावर उत्पादकाला सर्टिफिकेट मिळत नाही. 'साबण होताना चरबीचं रूपच पालटतं' हा इस्तिहालाचा, म्हणजे पदार्थ पूर्ण बदलला की तो नापाक राहत नाही असा युक्तिवादही इथे पुढे करू नका. हनफी आणि शाफई हे सुन्नी इस्लामी कायद्याचे दोन पंथ (मजहब); हनफी फिकहमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, त्याला बरीच जागा आहे, शाफई मजहबात फारच थोडी. इंडोनेशिया शाफई आहे. कोकणी मुसलमानही शाफईच, त्यामुळे रत्नागिरीच्या ग्राहकालाही हा काटेकोरपणा ओळखीचा वाटेल.

अर्जासोबत उत्पादनांची आणि कच्च्या मालाची पूर्ण यादी, उत्पादन प्रक्रियेचा तक्ता, हलाल व्यवस्थेची पुस्तिका आणि हलाल पर्यवेक्षकाचं नेमणूकपत्र लागतं. तिथल्या कायद्याप्रमाणे हा पर्यवेक्षक मुस्लिमच असावा लागतो. मग कारखान्याची तपासणी होते. एकाच मिक्सरमध्ये आधी काय बनलं, ब्रश कशाच्या केसांचे, हेही पाहिलं जातं. नेलपॉलिश किंवा वॉटरप्रूफ मेकअप असेल तर त्यातून पाणी झिरपतं का याची चाचणी असते, कारण वुजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याचं पाणी त्वचेपर्यंत आणि नखापर्यंत पोचायला हवं.

आयातदाराला नोंदणीसाठी इंडोनेशियन वकिलातीने प्रमाणित केलेली सर्टिफिकेटची प्रत, एचएस कोडसह (मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय कस्टम्स क्रमांक) मालाची यादी आणि कागद खरे असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. बीपीओएम या तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेकडची सौंदर्यप्रसाधनाची नोंद वेगळी, ती हलाल सर्टिफिकेटने भागत नाही.

बीपीजेपीएचने थेट दिलेल्या सर्टिफिकेटला आता मुदत नसते. पण घटक किंवा प्रक्रिया बदलली की नव्याने कळवावं लागतं, आणि स्वस्त मिळालं म्हणून दुसऱ्याकडून घेतलेलं ग्लिसरीनही त्यात येऊ शकतं.