आधी नवऱ्याची तपासणी

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की यवतमाळ-वाशिमच्या खेड्यांत सुनेची धावपळ सुरू होते. तालुक्याला सोनोग्राफी, मग अमरावती नाहीतर नागपूर, मधल्या काळात कुणा महाराजांचा अंगारा. नवऱ्याची वीर्यतपासणी सगळ्यांत शेवटी होते, कधी होतच नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडेही कारण असतं, हे माहीत असूनही असं चालतं, याचा मला राग येतो. ही तपासणी स्वस्त आहे, तिला ना सुई लागते ना भूल.

फक्त ती नीट व्हायला हवी. आधी २ ते ७ दिवस संबंध टाळायचा आणि नमुना तासाभरात तपासला जायला हवा. गावाहून डबीत घेऊन एसटीने दोन तास नेलेल्या नमुन्यावरचा अहवाल काही कामाचा नाही. नमुना लॅबमध्येच द्यावा. शुक्राणूंचे आकडे दर वेळी बदलतात, म्हणून पहिला अहवाल वाईट आला तर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७० ते ७५ दिवस लागतात. आज दिलेल्या नमुन्यात गेल्या अडीच-तीन महिन्यांचा हिशेब असतो: आलेला मोठा ताप, रोजचा तंबाखू-सुपारीचा खर्रा, दारू, ताकदीसाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची (पुरुषी संप्रेरकाची) इंजेक्शनं. या इंजेक्शनांनी तर शुक्राणूंची निर्मिती बंदही पडू शकते. तापाचं म्हणाल, तर शुक्राणू जिथे बनतात त्या वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं, म्हणूनच ती पोटाबाहेर असतात. तंबाखू चघळणाऱ्या पुरुषांत शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी असल्याचं भारतातल्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून आयव्हीएफची (लॅबमध्ये शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराची) तारीख ठरवण्याआधी तीन महिने खर्रा सोडा, असं डॉक्टर सांगतात तेव्हा ते उपदेश करत नसतात. आज सोडलेल्या खर्र्याचा फायदा दिसायला तेवढा वेळ लागतोच.

बाईच्या बाजूला आपल्या भागात एक कारण हमखास विसरलं जातं: जननमार्गाचा क्षयरोग. खोकला नाही, ताप नाही, पाळीही कधीकधी व्यवस्थित, आणि आत गर्भनलिका बंद झालेल्या. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्यांनी जंतू मरतात, पण बिघडलेली नलिका बहुधा सुधरत नाही. आयव्हीएफ मुळात अशाच बायांसाठी शोधलं गेलं. २५ जुलै १९७८ला इंग्लंडमध्ये जन्मलेल्या लुईस ब्राउनच्या आईच्या नलिका बंद होत्या. मात्र बंद नलिकेत पाणी साचून ती फुगली असेल, तर ते पाणी गर्भाशयात झिरपतं आणि सोडलेला गर्भ बऱ्याचदा रुजत नाही. अशी नलिका आधी दुर्बिणीने काढली किंवा बांधली, तर यशाची शक्यता स्पष्टपणे वाढते. एक फसलेलं आयव्हीएफ पुन्हा करण्याआधी हे विचारलंच पाहिजे.

वयाला मात्र औषध नाही. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांत गुणसूत्रांचे दोष झपाट्याने वाढतात आणि कितीही चांगली लॅब ते दुरुस्त करत नाही. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी तपासणीला जावं. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच.

आयव्हीएफसाठी एकर-दोन एकर विकणारी माणसं आपल्यात आहेत. पॅकेजमध्ये जोडलेल्या जादा उपचारांबद्दल त्यांनी जरूर विचारावं. गर्भ रुजावा म्हणून गर्भाशयाचं अस्तर आधी खरवडण्याची पद्धत काही वर्षं जोरात होती. १,३०० हून अधिक बायांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा काहीच फायदा दिसला नाही. तसंच, २०२१च्या कायद्यानुसार प्रत्येक आयव्हीएफ केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. पैसे भरण्याआधी ते प्रमाणपत्र बघायला मागा.