साल्साच्या मुळाशी: क्लावेपासून ‘सिएम्ब्रा’पर्यंत
साल्सा हे नाव न्यूयॉर्कमध्ये रुजलं, पण या संगीताचा सांगाडा क्युबाच्या ‘सोन’ या नृत्यसंगीताचा आहे. १९४०च्या दशकात क्युबन वादक आर्सेनियो रोद्रिगेसनं सोनच्या ताफ्यात पियानो, कोंगा हा हातानं वाजवायचा उंच ढोल आणि एकाहून जास्त ट्रम्पेट आणले. मोंतुनोलाही त्यानं ऐसपैस जागा दिली. मोंतुनो म्हणजे गायकानं ऐनवेळी सुचेल ती ओळ टाकायची आणि कोरसनं ठरलेलं उत्तर द्यायचं.

सगळ्याला धरून ठेवते ती क्लावे, दोन लाकडी दांडक्यांवर वाजणारी लय. १६ मात्रा मोजा: टोले १, ४, ७, ११ आणि १३ वर पडतात. पहिल्या आठांत तीन, पुढच्या आठांत दोन. काही गाण्यांत याच्या उलट. गायकानं किंवा पियानोनं ओळ चुकीच्या अर्ध्यावर उचलली की ती क्लावेला आडवी जाते. वादक त्याला ‘क्रुसादो’ म्हणतात. सूर पक्का, वेगही तोच, तरी गाणं लंगडतं. बेस तर बहुधा पहिली मात्रा सोडूनच देतो: आठांतल्या चौथ्या आणि सातव्या मात्रेवर वाजतो, आणि सातवीचा सूर पुढच्या पहिलीवर रेंगाळतो. बेसमध्ये सम शोधणाऱ्या नवख्याचा पाय इथेच चुकतो.

क्युबातल्या क्रांतीनंतर अमेरिकेनं व्यापारबंदी घातली आणि हवानाहून येणारा ओघ आटला. न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन वस्त्यांतली पोरं मग तोच वारसा आपल्या आवाजात वाजवू लागली. पियानोवादक एडी पाल्मिएरीनं १९६१ मध्ये ‘ला पेर्फेक्ता’ हा ताफा काढून ट्रम्पेटच्या जागी ट्रॉम्बोन बसवले. तो खरखरीत, रस्त्यावरचा आवाज हीच साल्साची खरी ओळख. वादक जॉनी पाचेको आणि वकील जेरी मसुची यांनी १९६४ मध्ये फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली. तिथून १९६७ मध्ये ट्रॉम्बोनवादक विली कोलोनचा ‘एल मालो’ हा अल्बम आला. तेव्हा कोलोन जेमतेम १७ वर्षांचा होता. गायक एक्तोर लावो.

१९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या चीता क्लबमध्ये फानिया ऑल स्टार्स या कंपनीच्याच कलाकारांच्या ताफ्याचं ध्वनिमुद्रण झालं, तर १९७४ मध्ये क्युबन गायिका सेलिया क्रूझ आणि पाचेको यांचा ‘सेलिया अँड जॉनी’ हा अल्बम आला. ऐकायला सुरुवात करायची तर त्यातल्या ‘किंबारा’नंच करावी.

कोलोन आणि गायक-गीतकार रुबेन ब्लादेस यांचा ‘सिएम्ब्रा’ हा अल्बम १९७८चा. त्यातलं ‘पेद्रो नाबाहा’ हे गाणं सात मिनिटांहून लांब आहे. सुरुवातीला तालवाद्यं आणि आवाज एवढंच. मग कडव्यागणिक वाद्यं वाढत जातात. गल्लीतल्या खुनाची ती गोष्ट पूर्ण सांगून झाल्यावरच मोंतुनो सुरू होतो.